जुना यूएसबी ब्रेल डिस्प्ले आहे, ड्रायव्हर नाही. सोलापुरात कुणी आहे का?

सहा_बिंदू | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी.

मी सोलापुरात एका बँकेत नोकरी करते. जन्मापासून अंध आहे. संगणक एनव्हीडीएवर (पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) चालवते आणि पायथॉन बऱ्यापैकी येतं. पुण्यातल्या एका ओळखीच्यांकडून ४० सेलचा वापरलेला ब्रेल डिस्प्ले घेतलाय. नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढे जातो, तो विचार सोडून दिला. वस्तू ठणठणीत आहे. चालू केल्यावर सगळे बिंदू एकदा वर येऊन खाली बसतात, तेव्हा बोट फिरवून बघितलं, एकही पिन मेलेली नाही.

अडचण अशी की बनवणारी कंपनी बंद झालीय आणि सोबतची सीडी ३२ बिट विंडोज ७ च्या पुढे जायला तयार नाही. माझ्याकडे ६४ बिट विंडोज १०. इन्स्टॉलर डिजिटल सही नसलेल्या ड्रायव्हरवर येऊन थांबतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: कीबोर्डपुढे ठेवायची लांबट पट्टी असते. तिच्यात ४० घरं, प्रत्येक घरात आठ पिना. स्क्रीन रीडर जे बोलतो ते पिनांनी बोटाखाली उमटतं. प्रत्येक घराच्या वर एक बारीक बटण असतं, ते दाबलं की कर्सर त्या अक्षरावर जातो. कानाने काम होत नाही असं नाही, पण खातेक्रमांकातला एक आकडा चुकलाय आणि तो कुठला, हे ऐकून शोधायचं म्हणजे डोकं उठतं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच.

ड्रायव्हर मीच लिहीन. यूएसबीच्या तारेतून नक्की काय जातं ते पकडायला सोलापुरातलंच, हार्डवेअरमधलं कळणारं कुणीतरी हवंय. डेटा माझ्या मशीनवर आला की पुढचं मी बघते.

पेठेतला_पोरगा | सोमवार, रात्री १०:०५

ताई लई भारी काम करलालाव तुम्ही. मी इंजिनिअरिंगला आहे, तिसऱ्या वर्षाला. आत कुठली चिप आहे ते खोलून बघू का? स्क्रू ड्रायव्हरचा सेट आहे आपल्याकडं.

आणि ब्रेलवरून आठवलं. लिनक्सवर करणार असाल तर ते बीआरएलटीटीवाय नावाचं झेंगट आधी काढून टाका. उबुंटू २२.०४ वर माझा ईएसपी३२ चा (प्रॅक्टिकलचा छोटा मायक्रोकंट्रोलर) बोर्ड लावला की पोर्ट यायचा आणि लगेच गायब व्हायचा. नेटवर सगळे म्हणतात ते काढा, काढलं आणि सुटलो. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पण सगळ्या मशीनवरून उडवलंय.

चादरवाला_अण्णा | सोमवार, रात्री १०:३१

खोलू नको बे. त्या पिना पिझो पट्टीवर असतात, व्होल्टेज दिलं की पट्टी वाकते आणि पिन वर येते. यूएसबीचे ५ व्होल्ट आत वाढवून दोनशेच्या आसपास नेलेले असतात त्यासाठी. करंट मामुली असतो, जीव जाणार नाही, पण झटका बसून हातातनं पट्टी पडली तर ताईंचे पैसे पाण्यात. परत कव्हर बसवताना एक पिन जरी तिरकी झाली तर ते घर कायमचं खोटं बोलणार.

चिप बाहेरूनच कळते. ताई, डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा. दोन आकडे असतात, एक विक्रेत्याचा, एक वस्तूचा. ते इथं टाका.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागांचे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दुरुस्त करतो. पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं असायची, भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली. तुमचं घर म्हणजे आठ भोकांचं कार्डच दिसतंय. रविवारी मोकळा आहे.

सहा_बिंदू | मंगळवार, सकाळी ८:१०

अण्णा, आकडे ०४०३ आणि ६००१. रविवारचं नक्की करू.

@पेठेतला_पोरगा, तुमच्या मशीनवरून काढलंत, तुमची मर्जी. लॅबमधून का काढलंत? त्या लॅबमध्ये उद्या अंध विद्यार्थी आला तर त्याने काय करायचं? बीआरएलटीटीवाय १९९५ पासून आहे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावरचा मजकूर ब्रेलवर आणणारा प्रोग्रॅम तो. उबुंटूत आधीपासून असतो तो एवढ्यासाठी की डिस्प्ले जोडला की आपोआप चालू व्हावा, 'जरा स्क्रीन वाचून दाखवता का' म्हणत कुणाच्या मागे लागायला लागू नये. तुम्हाला झेंगट वाटलं, आम्हाला तो दिवा आहे.

पेठेतला_पोरगा | मंगळवार, सकाळी ८:४४

ताई ते लक्षातच नाही आलं आमच्या. पण मग बोर्ड कसा चालवायचा? प्रॅक्टिकलला तीस पोरं असतात.

कर्नल_कट्टा | मंगळवार, दुपारी १:२०

मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात. दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून एकत्रच लिहितो.

यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला ते दोन आकडे असतात. छोट्या कंपन्या आतमध्ये तयार यूएसबी-सिरियल चिप टाकतात आणि चिपवाल्याने दिलेले आकडेच तसेच ठेवतात. पोरा, तुझ्या बोर्डावर बहुधा सीएच३४० नावाची अशीच चिप असणार. एका ब्रेल डिस्प्लेतही तीच चिप, तेच आकडे. बीआरएलटीटीवायच्या नियमांत ते आकडे नोंदलेले, त्यामुळे तुझा बोर्ड लागला की त्याला वाटतं ब्रेल डिस्प्ले आला, आणि तो पोर्ट ताब्यात घेतो. लबाडी कुणाचीच नाही. आडनाव बघून माणूस ओळखायला गेलं की असंच होणार.

उपाय: यूडेवच्या (लिनक्समधली, जोडलेली यंत्रं ओळखणारी यंत्रणा) नियमांची '८५-बीआरएलटीटीवाय' अशी फाइल आहे, ती यूएसआर-लिबमधून ईटीसीतल्या नियमांच्या फोल्डरमध्ये त्याच नावाने कॉपी कर. ईटीसीतली फाइल वरचढ ठरते. तिच्यात सीएच३४० ची ओळ शोधून पुढे चौकटचिन्ह टाक, नियम परत लोड कर. बोर्ड चालेल, बाकीचे ब्रेल डिस्प्लेही चालतील. बीआरएलटीटीवाय परत टाका लॅबमध्ये.

ताई, ०४०३ म्हणजे एफटीडीआय ही चिप बनवणारी कंपनी. ६००१ म्हणजे त्यांची भरपूर खपलेली यूएसबी-सिरियल चिप. ही चांगली बातमी आहे. तिचा सही असलेला ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आपोआप येतो आणि तुम्हाला एक कॉम पोर्ट मिळतो. सीडी विसरा. कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) हात घालायची वेळच येणार नाही, पोर्ट उघडायचा आणि बाइट पाठवायचे. फक्त कुठले बाइट, किती वेगाने, हे शोधायचं. जुन्या विंडोज ७ वर कंपनीचं सॉफ्टवेअर चालवा, यूएसबीपीकॅपने वाहतूक पकडा. ती वाचायला वायरशार्क असतो, त्याची खिडकी टाळून त्याचंच टी-शार्क वापरा, सगळं साध्या मजकुरात मिळतं. एनव्हीडीए ते नीट वाचेल.

हुरडाप्रेमी | मंगळवार, दुपारी २:०२

काही कळलं नाही पण वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

सहा_बिंदू | रविवार, रात्री ८:५५

आज अण्णांच्या वर्कशॉपमध्ये बसलो होतो. त्यांच्याकडे जॅकार्डच्या सॉफ्टवेअरसाठी जपून ठेवलेला विंडोज ७ चा लॅपटॉप निघाला, त्यामुळे काम सोपं झालं. आधी मला साबणाने हात धुवायला लावले आणि मग स्वतः शेंगा चटणी-कडक भाकरी पुढ्यात ठेवली. परत हात धुतले. बारीक तूस उडत असतं तिथे, म्हणून डिस्प्लेवर सगळा वेळ चादरीचा तुकडा होता.

पकडलेला डेटा घरी येऊन वाचला. एक कोडं आहे. मी काहीच दाबत नव्हते तेव्हाही डिस्प्लेकडून सतत १, ९६, १, ९६, १, ९६ येत राहतं. हजारो ओळी. एखादं बटण अडकलंय का? बोटाला तर सगळी मोकळी लागतात.

कर्नल_कट्टा | रविवार, रात्री ९:१८

बटण नाही. ते चिपचं पुटपुटणं आहे. एफटीडीआय आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या पुढे स्वतःच्या स्थितीचे दोन बाइट लावते, आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी दर १६ मिलिसेकंदांनी नुसते ते दोन पाठवते. कॉम पोर्टमधून वाचाल तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर ते काढून टाकतो, तुमच्या कोडला दिसणारही नाहीत. टी-शार्कमध्ये दोन बाइटची पाकिटं गाळून टाका.

आता सुरुवातीच्या कंट्रोल विनंत्यांमध्ये ३ क्रमांकाची विनंती शोधा. तिच्या किमतीत वेग दडलेला असतो.

सहा_बिंदू | रविवार, रात्री १०:०७

सापडली. किंमत ५२.

कर्नल_कट्टा | रविवार, रात्री १०:१२

चिपचा मूळ वेग ३० लाख, त्याला भागिले ५२ म्हणजे सुमारे ५७,६९२. त्याच्या जवळचा ठरलेला वेग ५७,६००. झालं.

सहा_बिंदू | रविवार, रात्री ११:३६

पाठवणीही उलगडली. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीची एक खिडकी आहे. तिथे इंग्रजीत 'सोलापूर' टाइप केलं होतं. तारेतून गेलं ते असं: २७, १, मग १४, २१, ७, १, १५, ३७, २३, आणि पुढे ३३ शून्यं. म्हणजे २७ आणि १ ही आरोळी, आणि नंतर ४० घरांचे ४० बाइट.

बिंदू १ ची किंमत १, २ ची २, ३ ची ४, ४ ची ८, ५ ची १६, ६ ची ३२, ७ ची ६४, ८ ची १२८. पहिलं अक्षर बिंदू २, ३, ४ चं, म्हणजे २+४+८, चौदा. बरोब्बर. एनव्हीडीए ड्रायव्हरला बाइट देतो तेही याच हिशोबाने, त्यामुळे उलटापालट करायची गरजच नाही.

गुरुजी_जुळे_सोलापूर | सोमवार, सकाळी ६:१५

अंध मुलांना आयुष्यभर ब्रेल शिकवलं, आता निवृत्त आहे. संगणकातलं फार कळत नाही, पण हे आकडे वाचून मजा आली. भारती ब्रेलमध्ये (१९५१ पासून आपल्या सगळ्या भाषांना तेच) सोलापूर लिहिलं तर स, ओ, ल, प, र यांची चिन्हं इंग्रजीतल्यासारखीच. फक्त आ आणि ऊ बदलतील. आ म्हणजे ३, ४, ५. ऊ म्हणजे १, २, ५, ६. तुमच्या हिशोबाने २८ आणि ५१. बघा जुळतंय का.

सहा_बिंदू | सोमवार, सकाळी ७:५०

गुरुजी, जुळतंय!

सहा_बिंदू | गुरुवार, रात्री ९:३०

ड्रायव्हर चालू झाला. एनव्हीडीएच्या प्रगत सेटिंगमध्ये डेव्हलपर स्क्रॅचपॅड चालू केलं की त्या फोल्डरमध्ये आपली फाइल टाकता येते, ॲड-ऑन बांधायची घाई नसते. एक क्लास, त्यात नाव, वर्णन, घरांची संख्या, आणि 'डिस्प्ले' नावाचं फंक्शन. एनव्हीडीए त्या फंक्शनला ४० आकडे देतो, मी पुढे २७ आणि १ लावून पोर्टावर सोडते. अक्षरांचं ब्रेल करण्याचं काम लिबलुईसचं, ते एनव्हीडीएतच असतं, त्यात मराठीचा तक्ता आहे. एवढ्यावर ब्रेल उमटतं. पहिली ओळ उमटली तेव्हा मी घरात सगळ्यांना हाक मारली आणि मग लक्षात आलं की त्यांना ते वाचताच येत नाही.

पण आता एक भुताटकी. तालुक्यांची यादी वाचत होते. उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, माळशिरस, सगळे उमटतात. मंगळवेढा आणि सांगोला आले की डिस्प्ले जागचा हलत नाही, आधीच्याच तालुक्याचं नाव बोटाखाली राहतं. एनव्हीडीए तोंडाने 'सांगोला' म्हणतोय आणि बोटाखाली पंढरपूर.

आणखी विचित्र: यादी नोटपॅडमध्ये उघडून बाणाने एकेक अक्षर सरकले, तर सांगोल्यात एका ठराविक अक्षरावर कर्सर आला की ओळ येते. पण कर्सर लुकलुकतो ना, त्यामुळे मधेच हलते, मधेच थिजते.

हुरडाप्रेमी | गुरुवार, रात्री ९:४१

मंगळवेढ्याची ज्वारी आणि सांगोल्याचं डाळिंब दोन्ही अडवलं म्हणजे जिल्ह्याची नाकेबंदीच की ओ.

पेठेतला_पोरगा | गुरुवार, रात्री ९:५३

ताई अनुस्वार असेल. दोन्हीत अनुस्वार आहे.

सहा_बिंदू | गुरुवार, रात्री ९:५८

पंढरपूरलाही आहे. ते उमटतं.

चादरवाला_अण्णा | गुरुवार, रात्री १०:२०

केबल हललालीय का बघा. दुसऱ्या पोर्टला लावा. यूएसबी हब असेल तर काढा, पिझोला सुरुवातीला झटकन करंट लागतो.

सहा_बिंदू | गुरुवार, रात्री १०:३३

केबल बदलली, हब नाही. केबल सैल असती तर तिला तालुके ओळखता आले नसते अण्णा. :)

गुरुजी_जुळे_सोलापूर | शुक्रवार, सकाळी ६:०५

दोन्ही नावांत 'ग' आहे. बाकीच्या नऊ तालुक्यांत एकाही नावात नाही. 'गड्डा', 'गुळवणी' असं काहीतरी लिहून बघा. ग म्हणजे बिंदू १, २, ४, ५.

कर्नल_कट्टा | शुक्रवार, सकाळी ९:१०

गुरुजी, साष्टांग दंडवत! १ + २ + ८ + १६ = २७.

पाकिटाची सुरुवातच २७ ने होते. मजकुराच्या मध्ये ग आला की डिस्प्लेला वाटतं नवं पाकीट सुरू झालं, आणि अर्धवट राहिलेलं तो फेकून देतो. म्हणून जुनी ओळ तशीच. आणि कर्सरचं गूढही सुटलं: एनव्हीडीएचा कर्सर म्हणजे बिंदू ७ आणि ८ उचलणं. ग वर कर्सर आला की २७ मध्ये ६४ आणि १२८ मिळून २१९ होतात, बाइट निर्धोक होतो आणि ओळ पोचते. लुकलुकताना कर्सर विझला की परत २७.

हे बघून आत्ता ट्यूब पेटली. बाउम कंपनीच्या डिस्प्लेंची बोली अशीच आहे: २७ ने सुरुवात, १ म्हणजे घरं, उलट दिशेने ३४ म्हणजे कर्सरची बटणं, ३६ म्हणजे समोरची बटणं. पुष्कळ छोट्या उत्पादकांनी तीच बोली उचलली. एनव्हीडीएतली बाउमची फाइल उघडा, त्यात एका ओळीत मजकुरातला प्रत्येक २७ दोनदा केलाय. डिस्प्लेला २७ पाठोपाठ २७ दिसला की तो समजतो, हा खरा ग आहे.

सहा_बिंदू | शुक्रवार, रात्री ८:१५

सांगोला उमटला. मंगळवेढाही. गुरुजींच्या सांगण्यावरून गड्ड्याच्या यात्रेवरचा एक अख्खा लेख वाचून काढला, कुठेही अडलं नाही.

खात्रीसाठी अण्णांच्या लॅपटॉपवरून कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून इंग्रजीत 'सांगोला' पाठवून घेतलं. पाकिटात ४० च्या जागी ४१ बाइट, मध्ये जोडीने २७, २७. शंका राहिली नाही.

एनव्हीडीएचा तयार बाउम ड्रायव्हर थेट चालतो का तेही बघितलं. तो आधी डिस्प्लेला ओळख विचारतो, हे महाशय उत्तरच देत नाहीत, मग तो नाद सोडतो. त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागणारच.

डिस्प्लेकडून येणाऱ्या बाइटचं पण तसंच आहे. कर्सरची ४० बटणं पाच बाइटमध्ये, एका बटणाला एक बिट. ते वाचतानाही २७ ची जोडी परत एक करायची, कारण पहिलं, दुसरं, चौथं आणि पाचवं बटण एकदम दाबलं तर तिथेही २७ होतो. असं कोण दाबणार म्हणा. पण मांजर पट्टीवरून चालतं आमचं.

गुरुजी_जुळे_सोलापूर | शनिवार, सकाळी ६:२०

जोडाक्षरं तपासलीत का? ब्रेलमध्ये हलन्ताचा बिंदू ४ अक्षराच्या आधी येतो. 'क्या' लिहिताना आधी ४, मग क, मग य, मग आ. संगणकात हलन्त क च्या नंतर साठवलेला असतो असं ऐकलंय. मुलं ब्रेल पाटीवर शिकून आलेली असतात, उलटं आलं तर त्यांचं बोट ठेचकाळतं.

सहा_बिंदू | शनिवार, सकाळी ९:४०

गुरुजी, तो क्रम लावणं तक्त्याचं काम, ड्रायव्हरच्या हातात तोपर्यंत नुसते आकडे आलेले असतात. तक्त्याची तपासणी मी वेगळी करणार आहे, शब्दांची यादी तुम्ही द्या. क्ष आणि ज्ञ एकेका घरात बसतात तेही त्यात घाला.

ड्रायव्हरमध्ये माझा जास्त वेळ बटणांत गेला. समोर अंगठ्याखाली दोन बटणं आहेत, डावं मागे, उजवं पुढे. दोन्ही मिळून दाबलं तर ओळीच्या सुरुवातीला जायचं. आता माणूस दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबत नाही, एक आधी लागतं. दाबल्यावर लगेच कृती केली तर आधी ओळ मागे जाते, मग जोडीची कृती होते, आणि बोट हरवतं. म्हणून दाबलेली बटणं जमवत राहायचं आणि पहिलं बटण सुटलं की जमलेल्या सगळ्यांची मिळून एक कृती करायची. मग उरलेलं बटण सुटताना काही करायचं नाही. डोळस माणसाने लिहिला असता तर हे राहून गेलं असतं असं मी म्हणणार होते, पण एनव्हीडीएच्या बाकीच्या ड्रायव्हरांतही असंच केलंय. ज्या दोघांनी तो प्रकल्प २००६ पासून उभा केला ते दोघेही अंधच आहेत.

पेठेतला_पोरगा | शनिवार, दुपारी १२:१५

ताई आता ऑटो डिटेक्ट पण टाका. डिस्प्ले लावला की आपोआप चालू. एनव्हीडीएत सोय आहे म्हणे २०१८ पासून. ०४०३ आणि ६००१ नोंदवून टाकायचे, झालं की.

चादरवाला_अण्णा | शनिवार, दुपारी १२:४०

थांब बे. माझी जॅकार्ड कंट्रोलरची केबल आहे ना, तिचेही आकडे ०४०३ आणि ६००१. आत्ता बघितलं. ताईंचा लॅपटॉप वर्कशॉपात आला आणि मी माझी केबल त्याला जोडली, तर एनव्हीडीए माझ्या मागाला ब्रेल पाठवणार? निम्म्या चादरीवर मोर आणि निम्म्यावर मंगळवेढा?

पेठेतला_पोरगा | शनिवार, दुपारी १२:४६

अरारा. म्हणजे माझ्या बोर्डाचं जे झालं तेच.

कर्नल_कट्टा | शनिवार, दुपारी ३:३०

अगदी तेच, बाजू तेवढी बदलली. आकडे चिपचे आहेत, यंत्राचे नाहीत. पण एफटीडीआयच्या चिपमध्ये वस्तूचं नाव लिहायला जागा असते. काही उत्पादक तिथे आपलं नाव घालतात, काही आळशी चिपचंच नाव राहू देतात. ताई, यूएसबीने कळवलेलं नाव काय येतं?

सहा_बिंदू | शनिवार, दुपारी ४:०५

कंपनीने स्वतःचं नाव घातलंय, मॉडेलसकट. अण्णांच्या केबलीला चिपचंच नाव येतं.

मग असं करते: आकडे जुळले आणि नावही जुळलं तरच आपोआप. नाव जुळलं नाही तर एक बाइटही पाठवायचा नाही. ज्याला हवं त्याने सेटिंगमधून हाताने पोर्ट निवडावा.

कर्नल_कट्टा | शनिवार, दुपारी ४:२२

उत्तम. नव्या डिस्प्लेंना हा ताप कमी. २०१८ मध्ये यूएसबीवाल्यांनी ब्रेल डिस्प्लेसाठी एचआयडीचं मानक आणलं. कीबोर्ड जसा 'मी कीबोर्ड' म्हणून ओळख देतो तसं डिस्प्ले सांगतो की मी ब्रेल, माझी घरं इतकी, बटणं ही. वेगळा ड्रायव्हर नको. एनव्हीडीए २०२१.३ पासून ते घेतो. म्हणून कुणी आता नवा डिस्प्ले घेत असेल तर दुकानदाराला पहिला प्रश्न 'एचआयडी आहे का' हा विचारा. घरं किती ते नंतर.

पण जुनी यंत्रं लोकांच्या कपाटांत पडून आहेत, पिझो ठीक असला तर ती अजून पुष्कळ चालतील. त्यांच्यासाठी ताईंसारखं कुणीतरी बसून लिहिल्याशिवाय इलाज नाही.

सोलापूर_बाहेर | शनिवार, सायंकाळी ६:५०

धागा वाचून खाते उघडलं. मी लातूरला असतो, माझ्याकडे याच कंपनीचा असावा असा २० घरांचा डिस्प्ले कपाटात आहे. पाहुण्याने दिला होता, चालला नाही म्हणून ठेवून दिला. चालेल का?

सहा_बिंदू | शनिवार, सायंकाळी ७:१५

चालायला हवा, घरांची संख्या तेवढी बदलायची. पण ओळख विचारली तर माझा डिस्प्ले उत्तर देत नाही, तुमचा देतो का बघावं लागेल. आधी दोन्ही आकडे आणि यूएसबीने कळवलेलं नाव इथे टाका. नाव वाचायला अडचण आली तर एनव्हीडीएचा लॉग पाठवा, त्यात मिळतं का बघते. आणि लावल्यावर बिंदू एकदा वर-खाली होतात का ते बोटाने बघा, नाही झाले तर पुढचं सगळं फुकट.

ॲड-ऑनची फाइल उद्या इथे जोडते. दोन वेगळ्या यंत्रांवर चालल्याशिवाय ॲड-ऑन स्टोअरला पाठवणार नाही.

पेठेतला_पोरगा | रविवार, सकाळी ११:०२

लॅबमध्ये बीआरएलटीटीवाय परत टाकलं. सरांना विचारून नियमांची फाइल बदलली, सीएच३४० ची एकच ओळ बंद केली. बोर्ड लावून बघितले, पोर्ट टिकतो. आता खरा ब्रेल डिस्प्ले लावून बघायचाय. ताई तुमचा एक दिवस मिळेल का? लिनक्सवर तो बाउमच्या ड्रायव्हरने चालतो का तेही कळेल.

सहा_बिंदू | रविवार, सकाळी ११:२०

मिळेल, पण मी सोबत येणार. पुढचा शनिवार बँकेला सुट्टी आहे, दुसरा शनिवार. लॅब उघडी असते का विचारून ठेवा, आणि तिथे कुणी चहा पिऊन टेबलावर कप ठेवणार नाही एवढं बघा.